गळाभेटीचा सराव

लखनौच्या महानगर वसाहतीतलं आमचं घर म्हणजे एका जुळ्या घराचा अर्धा भाग होता. दोन्ही अर्ध्यांमध्ये एकच भिंत. डावीकडे निगम कुटुंब आमच्या कितीतरी आधीपासून राहत होतं, उजवीकडचा भाग आम्ही भाड्याने घेतला. बाबा रेल्वेत इंजिनिअर होते, डब्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात. मिरजेहून बदली झाली तेव्हा रेल्वेचं क्वार्टर लगेच मिळण्यासारखं नव्हतं. मिळण्याची वेळ आली तेव्हा आईने ते नको म्हटलं, कारण तोपर्यंत तिला कपूरथला बाजारातला भाजीवाला, पिठाची गिरणी आणि दुपारच्या गप्पांना निगम चाचीजी मिळाल्या होत्या. बाबा रोज स्कूटरने शहर ओलांडून कामाला जात आणि संध्याकाळी परत येत. त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण त्यांनी कशाबद्दलच काही म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे तो रोजचा प्रवास त्यांना जड जात होता की आवडत होता, हे मी आजही सांगू शकत नाही.

मधल्या भिंतीतून आवाज येत. पहाटे अम्माजींची, म्हणजे निगम चाचाजींच्या आईची, पूजेची घंटी. मग चाचाजींचं घसा साफ करणं. मग चाचीजींची पूनमला उठवण्यासाठी हाक, जी ‘पूनम बेटा’पासून सुरू होऊन हळूहळू ‘अरी ओ महारानी’पर्यंत चढत जाई. चाचाजी एका इंटर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. पूनम माझ्या वयाची, माझ्याच शाळेत, माझ्याबरोबर नववीत. त्या घरात चौघं होती आणि चौघंही जे वाटेल ते वाटताक्षणी बोलून टाकत. अम्माजींना कुणाची आठवण आली की त्या अंगणात खाटेवर बसून मोठ्याने रडत, मध्येच चहा आला तर तो पीत, आणि कप खाली ठेवून उरलेलं रडून घेत. चाचाजींना कारल्याची भाजी आवडली तर ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ती किती आवडली हे विस्ताराने सांगत. एकदा पूनमने मला विचारलं, “तुम लोगों के यहाँ से बस कुकर की सीटी आती है। कोई लड़ता नहीं क्या?”

आमच्याकडेही भांडणं होत, पण ती ऐकू जाण्यासारखी नसत. आई रागावली की पोळ्या जास्त पातळ लाटल्या जात. बाबा रागावले की वर्तमानपत्राची घडी पुन्हा नीट घालत. प्रेमाचंही तसंच. मला टायफॉइड झाला तेव्हा बाबा माझ्या उशाशी बसले नाहीत. त्यांनी माझ्या खोलीतल्या टेबलफॅनचं बेअरिंग बदललं, कारण तो कुरकुरत होता आणि मला झोप लागत नव्हती. मिरजेची आजी गेल्याची तार आली तेव्हा त्यांनी आईला एक शब्द विचारला नाही. ते थेट आरक्षणाला गेले, आणि परत आल्यावर आईची बॅग स्वतः भरली. त्यात तिची औषधं, कंगवा, अगदी साडीला लावायच्या पिनासुद्धा होत्या. आईने बॅग उघडून त्या पिना बघितल्या आणि पदर डोळ्यांना लावला. हे सगळं मला कळत होतं. पण आमच्या घरात ते कळणं ज्याचं त्याच्यापाशी राही. त्याचा उच्चार करायची पद्धत नव्हती, आणि जी पद्धत घरात नसते ती मुलाला येत नाही.

शाळेत मुली मला घुन्नी म्हणत, म्हणजे मनातलं मनात ठेवणारी. आमच्या वर्गशिक्षिका बदली होऊन गेल्या त्या दिवशी सगळा वर्ग रडला. मला त्या बाई फार आवडत. मी पंख्याकडे बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, “इसको तो कोई फ़र्क ही नहीं पड़ता।” पुढे वृत्तपत्रात काम करू लागल्यावर हाच चेहरा उपयोगी पडला. अपघाताच्या जागी, निकालाच्या दिवशी, नेत्यांच्या खोलीबाहेर मी शांत दिसे आणि वरिष्ठांना तो प्रशिक्षणाचा परिणाम वाटे. तसा तो नव्हता. तो मी मिरजेहून घेऊन आले होते.

लखनौत अडचण अशी होती की तिथे सगळंच बोलून करायचं असतं. माणूस दारात आला की त्याला आत यायचा आग्रह, तो नको म्हणणार, पुन्हा आग्रह. निघताना थांबवायचं, फाटकापर्यंत जायचं, फाटकात उभं राहून निम्म्या गप्पा पुन्हा करायच्या. चाचाजी बाबांना म्हणत, “और बताइए, जोगलेकर साहब।” हा प्रश्न नसतो, फक्त बोलणं पुढे ढकलायचं असतं. बाबा मात्र खरोखर विचार करत आणि प्रामाणिकपणे सांगत, “बताने को और कुछ नहीं है।” मग दोघे रस्त्याकडे बघत उभे राहत. रिक्षावाला घंटी वाजवत जाई. शेवटी चाचाजीच म्हणत, “चलिए, फिर आप आराम कीजिए।” बाबांना वाटे, गप्पा छान झाल्या.

मी मात्र निगमांकडे सुधारत होते. शाळेतून आल्यावर मी पूनमकडे अभ्यासाला जाई, आणि अभ्यासापेक्षा जास्त अम्माजींच्या तावडीत सापडे. त्या वाटाणे सोलत नाहीतर बटाट्याचे चिप्स वाळत घालत बसलेल्या असत. माझ्यासमोर बशी आली आणि मी गुपचूप खाल्लं की त्या म्हणत, “कैसा लगा?” मी म्हणे, “अच्छा।” “बस अच्छा? बहू सुबह से खड़े-खड़े बना रही है और तुम एक अच्छा पकड़ा रही हो। मुँह से बोलो, बिटिया। हम कोई अंतर्यामी थोड़े हैं।” मग मला सांगावं लागे की हिंग छान लागला आहे, की कालच्यापेक्षा खुसखुशीत झालंय. आधी ते पाठ केल्यासारखं वाटे. हळूहळू असं झालं की तोंडाने म्हटलेली गोष्ट मला म्हटल्यावर खरी वाटायला लागली. एके दिवशी मी कुणी न विचारता चाचीजींना म्हणाले की मला तुमच्या घरी यायला आवडतं. त्या हातातला झारा तसाच धरून म्हणाल्या, “अरे वाह, घुन्नी बोली!” सगळे हसले, मीही हसले. त्या वर्षातली माझी सर्वांत मोठी कमाई तीच होती, म्हणून पुढे जे झालं त्याने मी एवढी हादरले.

कारण पाण्याचं होतं. बाबांनी नळाच्या लाइनवर टुल्लू बसवला होता, म्हणजे पाणी ओढणारी छोटी मोटर. ती सकाळी चालू झाली की निगमांच्या नळाची धार बारीक होई. चाचाजी एका रविवारी आले, बसले, चहा घेतला, थंडीवर बोलले, पूनमच्या गणितावर बोलले आणि निघताना फाटकाला हात ठेवून म्हणाले, “वो ज़रा सुबह-सुबह पानी का कुछ हो जाता है, साहब। अम्मा को पूजा का लोटा भरने में दिक़्क़त होती है।” या वाक्यावर लखनौचा कुणीही माणूस कानाला हात लावून माफी मागून मोकळा झाला असता. बाबांनी त्याला इंजिनिअरचं उत्तर दिलं. “मोटर तो बहुत छोटी है। आपकी लाइन में कचरा होगा, चेक करवा लीजिए।” त्यांना मदतच करायची होती. चाचाजी म्हणाले, “जी, देखते हैं,” आणि गेले. पुढच्या रविवारी बाबांनी स्वतःच पाइप तपासले, चाचाजींचं म्हणणं बरोबर असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी मोटर अम्माजींच्या पूजेनंतर लावायला सुरुवात केली. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. चाचाजींना नळाला पुन्हा पाणी आलेलं दिसलं असणार, पण का आलं ते कसं कळणार? त्यांचं आमच्याकडे येणं थांबलं. बायका आणि मुली आपापसात पूर्वीसारख्याच होत्या. दोन पुरुष मात्र फाटकात समोरासमोर आले की मान हलवत आणि पुढे जात.

मग होळी आली. लखनौतली आमची ती पहिलीच होळी, कारण आदल्या वर्षी आम्ही सुटीत मिरजेला होतो. आमच्याकडे होळी म्हणजे पुरणपोळी आणि रंग खेळायचा तो रंगपंचमीला. इथे दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळी वसाहत ओली झाली होती. पूनमने मला रंगात बुडवून मिठी मारली. माझे हात खाली लोंबत होते. “खंभा है क्या?” ती ओरडली आणि दुसऱ्या मुलीच्या मागे धावली. दुपारी सगळीकडे एकदम शांत झालं. लोक आंघोळी करून, पांढरे कुर्ते घालून बाहेर पडले आणि घरोघर जायला लागले. आईने रीतसर तयारी ठेवली होती. चाचीजींकडून शिकलेल्या गुझिया, म्हणजे खव्याच्या करंज्या, एका थाळीत, पुरणपोळ्या दुसऱ्या थाळीत, कपाटातल्या चांगल्या कपबशा बाहेर. तयारीत काही राहिलंय असं तिला वाटलं नाही.

चाचाजी आले तेव्हा मी व्हरांड्यातच होते. कुरता कडक इस्त्रीचा, केसांच्या मुळाशी अजून हिरवा रंग. उजव्या हाताच्या चिमटीत गुलाल होता. त्यांनी तो बाबांच्या कपाळाला लावला, “होली मुबारक, जोगलेकर साहब,” म्हणाले, आणि दोन्ही हात पसरून एक पाऊल पुढे आले. बाबांनी हात जोडून नमस्कार केला. मग मागे वळून वेताची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, “बैठिए, बैठिए। आपको बताना था, मोटर का टाइम हमने बदल दिया है।”

चाचाजींचे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले. मग ते खाली आले. एका हाताने त्यांनी कुर्त्याची घडी सारखी केली, जणू हात त्यासाठीच उचलला होता. “अच्छा किया,” ते म्हणाले. आई गुझियाची थाळी घेऊन बाहेर आली तोवर ते फाटकाशी पोचले होते. “भाभीजी, अभी बहुत घर बाक़ी हैं।” आई थाळी घेऊन उभी राहिली. बाबा मोकळ्या खुर्चीकडे बघून म्हणाले, “घाईत दिसतात.”

दुसऱ्या दिवशी मी पूनमकडे गेले तर चाचीजी दारातच म्हणाल्या, “आज नहीं, बेटा। पूनम को थोड़ा काम है।” त्यांचा स्वर गोड होता, आणि त्या घरात गोड स्वर नवख्या माणसांसाठी असतो हे मला कळत होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. मग पूनमच गच्चीवर आली. दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा होता, त्यावर रेलून ती म्हणाली, “तुझे पता है न क्या हुआ?” मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं. होळीच्या दिवशी माणूस गळाभेटीला दारात येतो, म्हणजे मागचं सगळं संपवायला येतो. ज्याच्याशी काही झालं असेल त्याच्याकडे तर मुद्दाम, सगळ्यांत आधी. समोरच्याने गळाभेट घेतली की विषय संपला. नाही घेतली तर त्याने उत्तर दिलं. “पापा सबसे पहले तुम्हारे यहाँ गए थे। अंकल ने कुर्सी दे दी। पापा ने उस दिन खाना नहीं खाया।”

मी म्हणाले, “बाबा को मालूम नहीं था।”

“ऐसा कैसे नहीं मालूम? सबको मालूम होता है।” मग तिचा आवाज जरा खाली आला. “दादी कह रही थीं, मिलना-जुलना हफ़्ते भर चलता है। उसके बाद फिर अगली होली।”

पुढची होळी वर्षावर होती. तोवर त्या घराचं दार माझ्यासाठी अर्धंच उघडणार होतं. मला तिथे जे काही जमायला लागलं होतं ते दुसरीकडे कुठेच जमत नव्हतं. एवढं सगळं माझ्या डोक्यात स्पष्ट होतं आणि ते बाबांना सांगायचं होतं. आमच्या घरात कुणी कुणाला, तुमच्या वागण्याने एका माणसाला वाईट वाटलं, असं सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवण झाल्यावर बाबा स्टुलावर बसून आईच्या मिक्सरचं झाकण उघडत होते. मी समोर उभी राहिले आणि पाहिलं तेवढंच सांगितलं. चाचाजी कसे आले, हात कसे पसरले, तुम्ही काय केलंत, हात खाली कसे आले, त्याचा इथे काय अर्थ होतो, ते त्या दिवशी जेवले नाहीत. मला कसं वाटतं ते मी शेवटी एका वाक्यात सांगितलं. “मला त्यांच्याकडे जायचंय आणि आता जाता येत नाही, आणि मला रडू येतंय.” खरं तर तेव्हा रडू येत नव्हतं. हे म्हटल्यावर आलं.

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “पण मी मोटरची वेळ बदलली ना. त्यांना सांगितलं सुद्धा.”

“अहो, मोटरचं कोण विचारतंय!” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला पूनमच्या आईने नक्की काहीतरी ऐकवलं होतं, ती फक्त विषय निघायची वाट बघत होती.

“माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही. नसताना ते छातीला छाती लावणं कशाला?”

“नाही हे त्यांना कसं कळावं? तुमच्या मनाला खिडकी आहे का?”

बाबांनी मिक्सरचं झाकण बाजूला ठेवलं. मग त्यांनी मला विचारलं, आणि तो प्रश्न मला फार आवडला, कारण त्यात एकही अनावश्यक शब्द नव्हता. “कसं करतात ते?”

मला माहीत होतं. मी ते कधी केलं नव्हतं, पण होळीच्या दुपारी व्हरांड्यात उभी राहून नीट पाहिलं होतं. मी सांगितलं. हात आधी पसरायचे, म्हणजे समोरच्याला कळतं. एक हात त्यांच्या खांद्यावरून, एक काखेखालून. डोकं आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. पाठीवर थोपटायचं, पण हळू. आणि त्या वेळी मोटरबद्दल बोलायचं नाही.

“दोन्ही हात वरून गेले तर?”

“तर कुस्ती होईल,” आई म्हणाली. तिने पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन उभी राहिली. “माझ्याबरोबर करून बघा.”

“तुझ्याबरोबर?”

“मग काय खुंटीवरच्या कोटाबरोबर करणार? चला. ही सांगेल चुकलं तर.”

बाबांनी आधी खिडकीचा पडदा ओढला. मग ते आईसमोर उभे राहिले, दोन्ही हात थेट पुढे धरून, पेटी उचलायला जावं तसे. मी म्हणाले, बाजूला, पुढे नाही. त्यांनी हात बाजूला केले. आई पुढे झाली. दोघांची डोकी एकाच बाजूला गेली आणि चष्मा आईच्या कानावर आपटला. “अहो, तुमचं डावं!” “माझं डावं की तुझं?” दुसऱ्या वेळी डोकी बरोबर गेली, पण बाबांनी पाठीवर असं थोपटलं की आईला खोकला आला. तिसऱ्या वेळी आई हसत सुटली आणि हसताना तिचं कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकलं. बाबांनी सरावातली पुढची पायरी केली नाही. ते तसेच उभे राहिले. मीही काही सुचवलं नाही. माझ्या आईवडिलांना मी तसं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग आई बाजूला होऊन म्हणाली, “जमेल तुम्हाला. त्यांना खोकला नका आणू फक्त.”

संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आईने पुरणपोळ्यांचा डबा घेतला होता. गुलालाची पुडी माझ्याकडे होती. रस्त्यावर अजून फिकट गुलाबी डाग होते आणि कोपऱ्यावरच्या घरात कुणीतरी ढोलक वाजवत होतं. फाटक ते फाटक एवढंच अंतर, पण बाबा मध्ये एकदा थांबले आणि हात पँटला पुसून पुन्हा चालायला लागले.

दार चाचीजींनी उघडलं. मागे अम्माजी खाटेवर, पूनम त्यांच्या मागे. चाचाजी आतून बाहेर आले. बाबा एक पाऊल पुढे झाले आणि त्यांनी हात पसरले, अगदी शिकवल्याप्रमाणे, बाजूला. त्याच क्षणी चाचाजींनी दोन्ही हात छातीशी जोडले आणि मान वाकवून म्हणाले, “नमस्कार, जोगलेकर साहब।” नमस्ते नाही, नमस्कार. आईने नंतर सांगितलं की तिने आदल्या दिवशी चाचीजींना बोलून ठेवलं होतं की आमच्याकडे पुरुष गळाभेट घेत नाहीत, नमस्कार करतात, त्यात अनादर नसतो. तिने हे आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण बाबा खरंच तयार होतील असं तिला वाटलं नव्हतं.

तर एक माणूस हात पसरून उभा आणि दुसरा हात जोडून. बाबांनी माझ्याकडे बघितलं. असं झालं तर काय करायचं ते मी सांगितलं नव्हतं.

“अरे लल्ला,” अम्माजी खाटेवरून म्हणाल्या, “वो बेचारे पंख फैलाए खड़े हैं और तुम आरती उतार रहे हो? मिलो भी! चाय ठंडी हो रही है।”

चाचाजी हसले. त्यांनी जोडलेले हात सोडले आणि पुढे झाले. डोकी बरोबर बाजूला गेली. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. बाबांनी पाठीवर थोपटलं, हळू. मग एक गोष्ट झाली जी आमच्या सरावात नव्हती. तिसऱ्या वेळेनंतर बाबांनी हात लगेच काढले नाहीत. चाचाजींच्या पाठीवर त्यांचा तळवा जरा जास्त वेळ राहिला. सगळ्यांना ते मायेचं वाटलं. चाचाजींचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, “साहब, आपने तो आज हद कर दी।” पूनम धावत येऊन मला बिलगली आणि या वेळी माझे हात आपोआप वर गेले. चाचीजी मला म्हणाल्या, “कल से रोज़ आना, समझीं? वरना टाँग तोड़ दूँगी।” त्या स्वरात गोडवा अजिबात नव्हता आणि मला त्याने फार बरं वाटलं. पुरणपोळीवर तूप वाढलं गेलं. अम्माजींनी विचारलं, “कैसी लगी हमारी गुझिया?” आणि बाबांनी घास गिळून सांगितलं की सारण चांगलं भाजलं गेलंय. त्यांच्या परीने ते भाषण होतं.

परत येताना आई खुशीत बडबडत होती. बाबा गप्प होते, पण ते नेहमीच असत. घरात आल्यावर चप्पल काढता काढता ते म्हणाले, “निगम खूप वाळलेत.”

“नाही हो. कुरता सैल आहे तो,” आई म्हणाली.

“कुरता नाही. पाठीचं हाड न् हाड हाताला लागत होतं. दिसत नाही वरून. काहीतरी आहे.”

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर ते घरात न येता थेट निगमांकडे गेले. याआधी ते असे कधीच गेले नव्हते. मी आणि पूनम आतल्या खोलीत भूगोल वाचत होतो. बाबांनी कसलीही प्रस्तावना केली नाही. त्यांनी चाचाजींना विचारलं की तहान फार लागते का, रात्री उठावं लागतं का, पँटचा पट्टा किती भोकं आत गेला आहे. चाचाजी आधी हसण्यावारी नेत होते. मग म्हणाले, “पट्टा तो... हाँ।” अम्माजी म्हणाल्या, “हम तो समझे पानी वाली बात का दुख लगा है इसको, इसीलिए खाना नहीं लगता।” त्यांना इतके दिवस तसंच वाटत होतं. खिन्न माणूस बारीक होतो, हे त्या घरात सगळ्यांना मान्य होतं, त्यामुळे दुसरं कारण शोधायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. बाबांच्या कारखान्यातला एक फोरमन साखरेच्या आजाराने असाच वाळला होता, ते बाबांना आठवलं. माणूस दुःखात आहे की नाही हे त्यांना ओळखता येत नसे. वजन मात्र कळे.

रक्त तपासलं आणि साखरच निघाली. वेळेत कळलं. औषधं, कडू काढे आणि अम्माजींच्या टोमण्यांवर चाचाजी पुढे खूप वर्षं चांगले जगले, पूनमच्या मुलांना त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. आता मागे बघताना मला वाटतं, लखनौने बाबांना बोलायला शिकवलं नाही. त्यांना फक्त माणसाच्या इतकं जवळ उभं केलं की त्यांचं जे होतं ते कामाला यावं. माझ्या बाबतीत उलट झालं. मला शब्द मिळाले, आणि ते मी पुढे पोटापाण्यासाठी वापरले.

तपासणीच्या सकाळचं दृश्य माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत स्पष्ट आहे. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं म्हणून बाबांनी कामावर उशिरा येत असल्याचं कळवलं आणि स्कूटर काढली. चाचाजी रिक्षा करतो म्हणत होते. बाबा म्हणाले, “बैठिए।” यापेक्षा जास्त आग्रह त्यांना येत नव्हता. चाचाजी मागे बसले, धरायला काही मिळेना म्हणून त्यांनी दोन्ही हात बाबांच्या खांद्यांवर ठेवले. मी आणि पूनम फाटकात उभ्या होतो. स्कूटर कपूरथलाच्या दिशेने वळली. रस्ता रिकामा होता, तरी बाबा ती अगदी हळू चालवत होते, खड्डे लांबूनच चुकवत, आई मागे बसलेली असताना चालवत तशी.